नोकरी करणारी स्त्री आणि बुद्धाचा आरसा
(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभातील भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे आणि धर्मशास्त्राची पंडिता तर नव्हेच नव्हे. तीस वर्षे एका कचेरीच्या हिशेबखात्यात आकड्यांशी झगडले, आणि निवृत्तीनंतर थोडे वाचन करते, एवढीच माझी पुंजी. चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो असा, की ‘नोकरी करणाऱ्या स्त्रीने स्वतःला ओळखावे आणि स्वतःची वाढ करावी, यासाठी बुद्धाच्या विचारांचा काही उपयोग होतो का?’ विषय मोठा आहे. पण आपल्या मंडळातल्या निम्म्याहून अधिक भगिनी आज सकाळी डबा भरून बाहेर पडतात. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणी इस्पितळात, कोणी सातपूर-अंबडच्या कारखान्यांत. तेव्हा तो टाळण्यासारखाही नाही.

हा विषय काढला की दोन शंका हटकून पुढे येतात. पहिली अशी, की बुद्धाने तर घरदार, राज्य सारे सोडले. त्याचा आणि आमच्या हजेरीपटाचा संबंध काय? दुसरी शंका अधिक खोल आहे, आणि ती बायकाच विचारतात. ‘मन शांत ठेवा, राग सोडा’ असे सांगून शेवटी आम्हांला सोसायलाच शिकवणार ना? मला या दोन्ही शंका रास्त वाटतात. म्हणून त्यांनाच धरून बोलते.

पहिल्या शंकेचे उत्तर शोधायला लांब जायला नको. आपल्या नाशिकची पांडवलेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. मुलांची सहल घेऊन जातो, पायऱ्या चढून दमतो, डबे खातो आणि परत येतो. त्यातल्या दहाव्या लेण्याच्या ओसरीत उषवदाताचा लेख कोरलेला आहे. हा क्षहरात राजा नहपान याचा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले. कोणाकडे ठेवले? गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले, आणि मूळ रकमेला कोणी हात लावायचा नाही अशी अट घातली. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रासाठी द्यायचे होते. माझी हिशेबाची खोड जात नाही, म्हणून मी आकडा ताडून पाहिला. महिना वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा दोनशे चाळीस! तंतोतंत जुळतो. सांगायचे एवढेच, की भिक्षू ध्यानाला बसत होते ते विणकरांच्या मागावर चाललेल्या धंद्याच्या आधाराने. बाजारपेठ आणि विहार यांच्यामध्ये आपण समजतो तेवढी उंच भिंत कधी नव्हतीच.

बुद्धाने सांगितलेल्या अष्टांगिक मार्गात तर ‘सम्यक् आजीव’ म्हणजे योग्य उपजीविका हे एक स्वतंत्र अंगच आहे. शस्त्रांचा, जिवंत प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा असे पाच व्यापार उपासकाने करू नयेत, असेही त्याने स्पष्ट सांगितले. म्हणजे पोटासाठी काय करतो आणि कसे करतो, हा प्रश्न त्याने धर्माच्या बाहेर ठेवलेला नाही. या बाबतीत वाचायचे असेल त्यांना आपल्या मराठीतच सोय आहे. गोव्यात जन्मलेले धर्मानंद कोसंबी पालि शिकण्यासाठी घर सोडून सिंहलद्वीपापर्यंत गेले आणि परत येऊन त्यांनी ‘भगवान बुद्ध’सारखे ग्रंथ आपल्यासाठी सोप्या भाषेत लिहून ठेवले.

आता कचेरीचेच उदाहरण हवे असेल तर तेही आहे. ब्रह्मदेशात ऊ बा खिन नावाचे गृहस्थ होऊन गेले. रंगूनच्या अकाउंटंट जनरलच्या कचेरीत ते कारकून म्हणून लागले आणि पायरीपायरीने चढत गेले. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्या दिवशी ते त्या देशाचे अकाउंटंट जनरल झाले. बायकामुले असलेला, सरकारी फायली हाताळणारा हा माणूस विपश्यना ध्यानाचा मोठा आचार्य होता. १९५० साली त्यांनी आपल्या कचेरीतल्या नोकरवर्गासाठी विपश्यनेचे मंडळच स्थापन केले. आपल्यासारखेच मंडळ म्हणा ना! १९५२ साली रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उघडले, आणि पुढेही अनेक वर्षे ते सरकारी कामे व ध्यानाचे शिक्षण दोन्ही बरोबर करीत राहिले. मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका १९५५ साली त्यांच्याकडे शिकले, १९६९ साली ही विद्या घेऊन भारतात आले, आणि १९७६ साली आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला ‘धम्मगिरी’ उभी राहू लागली. तेव्हा इगतपुरीच्या त्या डोंगराखाली आज जे शिकवले जाते, ते एका हिशेबनिसाच्या हातून आपल्यापर्यंत आले आहे. हे कळल्यावर मला, एक हिशेबनीस म्हणून, थोडा अभिमान वाटल्यावाचून राहिला नाही.

आता मूळ विषयाकडे वळते. स्वतःला ओळखणे म्हणजे काय? त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. ती एका नोकरी करणाऱ्या बाईचीच आहे.

कौशांबीच्या उदयन राजाची सामावती नावाची राणी होती. तिच्याकडे खुज्जुत्तरा नावाची दासी होती. खुज्ज म्हणजे कुबडी. तिचे काम रोज माळ्याकडून फुले आणण्याचे. राजा फुलांसाठी रोज आठ कार्षापण देई. ही बाई चारांची फुले आणी आणि चार कमरेला लावी. वर्षानुवर्षे असे चालले होते. कोणी विचारले नाही, हिनेही स्वतःला विचारले नाही. एके दिवशी माळ्याच्या घरी बुद्ध भिक्षेसाठी आले होते. माळी म्हणाला, ‘जरा थांब, उपदेश ऐक आणि मग फुले घेऊन जा.’ ती थांबली, तिने ऐकले. त्या दिवशी तिने आठांचीही फुले घेतली. टोपली भरलेली पाहून राणीने विचारले, ‘आज महाराजांनी जास्त पैसे दिले का?’ खुज्जुत्तरेला ‘हो’ म्हणून सुटता आले असते. तिने खरे काय ते सांगून टाकले. आणि राणीचाही मोठेपणा असा, की तिने शिक्षा केली नाही. ‘तू जे ऐकलेस ते आम्हांला सांग’ म्हणाली. त्या दासीला उंच आसनावर बसवून राणी आणि तिच्या सख्या खाली बसल्या. पुढे ती रोज जाऊन उपदेश ऐके आणि राजवाड्यात येऊन शिकवी. बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्रगण्य म्हणून बुद्धाने तिचा गौरव केला. ‘इतिवुत्तक’ हा पालि ग्रंथ तिने ऐकून सांभाळला अशी परंपरा आहे.

मला या गोष्टीत चोरीपेक्षा वेगळेच काही महत्त्वाचे वाटते. खुज्जुत्तरेची नोकरी बदलली नाही, राजवाडा बदलला नाही, फुलांचा रस्ताही तोच राहिला. बदलली ती तिची पाहण्याची रीत. आपण रोज जे करतो ते आपल्या हातून कसे होते, हे तिला प्रथमच दिसले. आणि दिसल्याबरोबर तिच्या अंगची जी बुद्धी कुबडाखाली व दासीपणाखाली झाकून गेली होती, ती वर आली. वाढ म्हणतात ती हीच. बढती साहेबाच्या हातात असते. वाढ आपल्या हातात असते.

पण हे पाहावयाचे कसे? यासाठी बुद्धाने आपल्या मुलाला, लहान राहुलाला, फार सोपी युक्ती सांगितली आहे. त्याने विचारले, आरसा कशासाठी असतो? राहुल म्हणाला, पाहण्यासाठी. तेव्हा बुद्धाने सांगितले, की तसेच देहाने, वाणीने आणि मनाने जे करायचे ते पाहून पाहून करावे. आणि ते तीनदा पाहावे: करण्यापूर्वी, करीत असताना आणि करून झाल्यावर. यातून मला किंवा दुसऱ्याला पीडा तर होणार नाही ना, एवढाच प्रश्न.

भगिनींनो, हा आरसा कचेरीत नेता येतो. त्याला पर्स लागत नाही. पहिले पाहणे करण्यापूर्वीचे. कचेरीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर साहेबांनी काही खोचक लिहिले. बोटे शिवशिवतात. त्या वेळी फोन पालथा ठेवून तीन श्वास होईपर्यंत थांबावे आणि पाहावे, की हे उत्तर मी कामासाठी लिहिते आहे की डंख मारण्यासाठी? योग्य वाणीची बुद्धाने पाच लक्षणे सांगितली आहेत. ती वेळेवर असावी, खरी असावी, मृदू असावी, हिताची असावी आणि मैत्रीच्या मनाने बोललेली असावी. पाचही कसोट्यांना आपले वाक्य रोज उतरेल असे नाही. पण खिडकीवर रांग उभी असताना म्हाताऱ्या पेन्शनराला ‘किती वेळा सांगायचं?’ म्हणण्यापूर्वी त्यांतली एक जरी आठवली तरी पुष्कळ झाले.

दुसरे पाहणे करीत असतानाचे. पालि भाषेत ‘सति’ म्हणतात, संस्कृतात ‘स्मृति’, आणि आपल्या मराठीत त्याला एक सुंदर शब्द आहे: भान. चालताना चालण्याचे, बसताना बसण्याचे, खाताना खाण्याचे भान. आपण डबा खातो तेव्हा जिभेवर भाजी असते आणि मनात संध्याकाळची शिकवणी, सासूबाईंचे औषध आणि महिनाअखेरचा ताळेबंद. मग भाजी कशी होती हे सांगता येत नाही आणि ताळेबंदही पुढे सरकत नाही. मी नोकरीत असताना एक सवय लावून घेतली होती. नवी फाइल उघडण्यापूर्वी हात टेबलावर टेकायचे, एक श्वास येताना आणि जाताना पाहायचा, मग दोरी सोडायची. शेजारच्या बाई हसत, म्हणत, ‘ताई फाइलीला नमस्कार करतात.’ हसू द्यावे. आकड्यांच्या कामात मन जागेवर असणे म्हणजे काय, हे ज्यांनी पाच पैशांच्या फरकासाठी रात्री आठपर्यंत वह्या उलटल्या आहेत त्यांनाच ठाऊक.

याच वेळी एक गोष्ट दिसू लागते. बुद्धाने तिला दोन बाणांची उपमा दिली आहे. पहिला बाण लागला की दुखतेच. पण अजाण माणूस त्यावर शोक करतो, चरफडतो, आणि दुसरा बाण मनाला लावून घेतो. बरोबरीच्या बाईला बढती मिळाली आणि आपल्याला मिळाली नाही, हा पहिला बाण. तो खराच आहे. ‘तिला साहेब ओळखतात, माझे कोणीच नाही, मी मेले तरी कोणाला काय’ असे घरी जाईपर्यंत चाललेले दळण, हा दुसरा. पहिल्याची दाद मागता येते, अर्ज करता येतो. दुसऱ्याची दाद कोणत्याच कचेरीत लागत नाही. तो आपणच रोखायचा.

तिसरे पाहणे करून झाल्यावरचे. यात एक बारीक गोष्ट आहे, ती पुष्कळांच्या नजरेतून निसटते. करून झाल्यावर ते वाईट होते असे दिसले तर जाणत्या माणसाजवळ सांगून पुन्हा न करण्याचा निश्चय करावा, हे तर बुद्धाने सांगितलेच. पण ते चांगले होते असे दिसले तर त्या आनंदात राहावे, असेही सांगितले. हे दुसरे अर्धे आपण बायका कधी करतो का? दिवसभरात आपले काय चुकले याची यादी आपल्याला पाठ असते. घरी कोणी, कचेरीत कोणी, ती वाचून दाखवायला असतेच. आज मी एक अवघड टिपण नीट लिहिले, नव्या मुलीला काम शिकवले, असे म्हणून स्वतःशी समाधान मानणारी बाई विरळा. भगिनींनो, आरसा काय फक्त मुरमे पाहण्यासाठी असतो? चेहरा प्रसन्न दिसला तर तोही पाहावा.

आता दुसऱ्या शंकेकडे येते. शांत राहणे म्हणजे सोसणे का?

एक घडलेली हकिकत सांगते. कचेरीचे नाव सांगत नाही. एका तरुण मुलीला तिचे वरिष्ठ अधिकारी कामाच्या निमित्ताने उशिरापर्यंत थांबवून नको ते बोलत. तिने धीर करून वरच्या साहेबांना सांगितले. ते म्हणाले, ‘तुम्ही फार ताण घेता. दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन या, मन शांत होईल.’ ती माझ्याकडे आली नि म्हणाली, ‘ताई, दुखणं त्यांचं, आणि औषध मी घ्यायचं?’ इतका नेमका प्रश्न मी क्वचितच ऐकला असेल.

शिबिर चांगले आहे. पहिले नऊ दिवस मौन, पहाटे चारला उठणे, शिकवण्याची फी नाही. ज्यांना जमेल, झेपेल त्यांनी जरूर जावे. पण ते अन्यायावर पांघरूण घालण्यासाठी कोणी पुढे करील तर तो बुद्धाच्या नावाचा गैरवापर आहे. कारण बुद्धाने उपदेश एकट्या चाकराला केलेला नाही. सिगाल नावाच्या गृहस्थाच्या तरुण मुलाला राजगृहात केलेला त्याचा उपदेश प्रसिद्ध आहे. त्यात नोकराची पाच कर्तव्ये आहेत: दिलेले तेवढेच घ्यावे, काम चोख करावे, मालकाची कीर्ती राखावी वगैरे. पण त्यांच्या आधी मालकाची पाच सांगितली आहेत. शक्ती पाहून काम द्यावे. अन्न आणि वेतन द्यावे. आजारात काळजी घ्यावी. खास पदार्थ झाला तर त्यांतला वाटा द्यावा. आणि वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या किती कचेऱ्यांना पुरी करता येईल, हे ज्याने त्याने पाहावे.

आणि आपल्या महाराष्ट्राला तर याचा दाखला बाहेरून आणायलाच नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत होते, कामगारांसाठी कायद्याने झगडत होते. त्याच बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. हक्कासाठी लढणे आणि बुद्धाला शरण जाणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. मग आपल्याला का दिसावा?

त्या मुलीने काय केले ते सांगते. तिने राग गिळला नाही आणि ओकलाही नाही. रोज घरी गेल्यावर वहीत तारीख, वेळ, कोणते शब्द वापरले, जवळ कोण होते, एवढेच लिहिले. शिव्याशाप नाहीत, ‘मला वाटले’ नाही. पाहिले तसे लिहिले. मी म्हणेन, हेच ध्यान. मग तिने लेखी तक्रार केली. सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ सालचा आणि त्यावर आधारलेला कायदा २०१३ सालचा. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती हवी आणि तिची अध्यक्ष स्त्रीच हवी. त्याहून लहान जागी काम करणाऱ्या बायकांसाठी, घरकाम करणाऱ्यांसाठीही, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते, हे लक्षात ठेवा. समितीपुढे त्या मुलीला उलटसुलट प्रश्न विचारले गेले. तिचा आवाज चढला नाही आणि एकही तारीख चुकली नाही. अधिकाऱ्यावर कारवाई झाली. तिच्या शांतपणाने तिला गप्प बसवले नाही; तिचे बोलणे खरे ठरवले.

बुद्धाचीच एक गोष्ट येथे आठवते. एक ब्राह्मण येऊन त्याला वाटेल तशा शिव्या देऊ लागला. बुद्धाने विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात, त्यांच्यापुढे तू पदार्थ ठेवतोस. त्यांनी ते घेतले नाहीत तर ते कोणाचे? ब्राह्मण म्हणाला, माझेच. तसे हे शब्द मी घेत नाही, ते तुझ्याजवळच राहू देत, असे बुद्धाने सांगितले. पाहा, तो पळून गेला नाही, रडला नाही, उलट शिवीही दिली नाही. पण ‘घेत नाही’ हे तोंडावर सांगितले. नोकरी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीला हे दोन शब्द यायला हवेत. ते थरथरत्या रागाने म्हटले तर लोक राग पाहतात, शब्द ऐकत नाहीत. स्थिर मनाने म्हटले तर ऐकावेच लागतात.

शेवटी मंडळाला एक छोटीशी सूचना करते. आपण दर महिन्याला हळदीकुंकू, पाककृती, आरोग्य असे कार्यक्रम करतो. त्यांतल्या एका बैठकीत अर्धा तास नोकरी करणाऱ्या भगिनींसाठी ठेवावा. पहिली दहा मिनिटे सर्वांनी स्वस्थ बसून आपला श्वास पाहावा; त्यासाठी कोणताही धर्म बदलावा लागत नाही आणि कोणताही देव रागावत नाही. पुढची वीस मिनिटे प्रत्येकीने महिन्यातली आपल्या हातून झालेली एक चांगली गोष्ट सांगावी आणि एक अडचण सांगावी. ज्या बाईला दहा दिवस घर सोडता येत नाही, तिला निदान हा अर्धा तास मिळेल. कायद्याची माहिती असलेल्या भगिनी आपल्यात आहेत, त्यांनी अडचणीत सल्ला द्यावा. मन सावरणे आणि हक्क मागणे ही दोन्ही कामे एकाच सतरंजीवर बसून व्हावीत, एवढीच माझी इच्छा.

मंडळाची उत्तरोत्तर भरभराट होवो आणि आपणां सर्व भगिनींच्या हाती तो आरसा सदैव स्वच्छ राहो.